वावर, टाकी आणि ढोलीसाठी स्वतःची वीज स्वतः मिळवणारे बिनतारी सेन्सर : जोडणीची कृती

विदर्भातल्या खेड्यात घर गावात आणि वावर दोन-तीन किलोमीटरवर, अशीच अनेकांची स्थिती असते, आणि वावरातली वीज आपल्या सोयीने येत नाही. कृषिपंपाचा पुरवठा पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळतो. मोटर सुरू झाली का, ती पाणी ओढते आहे की कोरडी फिरते आहे, घरावरची टाकी भरली का, ढोलीतल्या सोयाबीनला आतून ऊब धरते आहे का, हे प्रश्न रोजचेच आहेत, आणि प्रत्येक उत्तरासाठी कोणाला तरी उठून जावे लागते, प्रसंगी अंधारात, साप-विंचवांच्या आणि रानडुकरांच्या वाटेने. ही सगळी उत्तरे दोन-चार आकड्यांत मावणारी आहेत. ते आकडे घरापर्यंत आणून देणारा बिनतारी सेन्सर आज साधारण हजार-बाराशे रुपयांच्या सुट्या भागांत घरी जोडता येतो; हे भाग नागपूरच्या सीताबर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत किंवा ऑनलाइन मिळतात.

खरी अडचण सेलची आहे. दूरच्या वावरातल्या पेटीतला सेल दर महिन्याला बदलायला कोणी जात नाही, आणि एकदा का ती पेटी ऐन पावसाळ्यात मुकी झाली की घरातल्यांचा तिच्यावरचा विश्वास कायमचा उडतो. म्हणून या लेखाचा सारा भर एकाच गोष्टीवर आहे : सेन्सरने आपली वीज आपणच मिळवावी आणि ती इतकी कमी खर्चावी की श्रावणातल्या आठवडाभराच्या झडीतही तो थांबू नये. त्यासाठी मोठे सौर पॅनल लागत नाही. त्यासाठी झोप लागते. म्हणजे सेन्सरने दिवसाचा जवळजवळ सर्व वेळ निद्रिस्त राहावे, क्षणभर जागे व्हावे, मोजावे, सांगावे आणि पुन्हा झोपावे. सेन्सर, त्याला चालवणारा मायक्रोकंट्रोलर, रेडिओ आणि वीज साठवणारा सेल या चौघांच्या संचाला पुढे ‘नोड’ म्हटले आहे.

वस्तू निवडताना

सेन्सर लावण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हा आकडा कळल्यावर मी काही वेगळे करणार आहे का? टाकी भरल्याचे कळले तर मोटर बंद होते, धान्य तापल्याचे कळले तर ते उन्हात पसरले जाते, वावराचे फाटक उघडल्याचे कळले तर कोणीतरी बघायला जाते. ज्या आकड्याने कोणाचेही पाऊल हलत नाही, तो मोजण्यात पैसा घालू नये.

बहुतेकांना पहिल्यांदा जमिनीचा ओलावा मोजावासा वाटतो. माझा सल्ला असा की विदर्भाच्या काळ्या कसदार जमिनीत तो पहिला प्रयोग म्हणून करू नये. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. भेग नेमकी सेन्सरच्या पात्याला लागून पडली तर पात्याभोवती हवा राहते, आणि बाजूची माती ओली असूनही सेन्सर ती कोरडी सांगतो. ठिबकवर असलेल्या संत्र्याच्या बागेत झाडाच्या आळ्यातली माती सहसा पुरती वाळत नाही, तिथे तो बरा चालतो. मात्र तिथेही दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर घेऊ नये, कारण त्याच्या दांड्या वीजप्रवाहाने गंजतात आणि एका हंगामातच आकडे बिघडतात. कपॅसिटिव्ह प्रकारचा, म्हणजे ज्यात धातू मातीला उघडा लागत नाही असा, घ्यावा, आणि त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडांना इपॉक्सी लावून त्या बंद कराव्यात, कारण पाणी कडेतूनच आत शिरते.

वीज कुठून घ्यावी

स्वतःची वीज मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांतले काही आपण न ओळखता रोज वापरतो. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये सेल नसतो. टोलनाक्यावरच्या रीडरच्या रेडिओलहरींतून मिळालेल्या शक्तीवर तो जागा होतो आणि आपला क्रमांक परत पाठवतो. गॅसच्या लायटरमध्ये बोटाच्या दाबातून ठिणगीपुरती वीज तयार होते, आणि जर्मनीत सीमेन्समधून २००१ साली वेगळ्या झालेल्या एनोशन या कंपनीने बटण दाबण्याच्या जोरावरच संदेश पाठवणारे बिनतारी स्विच बाजारात आणले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये तर दूरचित्रवाणीच्या हवेतल्या लहरी परावर्तित करून दोन उपकरणांना सेलविना आपसांत बोलते केले. पण फास्टॅगसारख्या टॅगचा पल्ला काही मीटरचाच असतो आणि त्याचा रीडर महाग असतो. त्यामुळे वावरासाठी व्यवहार्य मार्ग दोनच उरतात : सूर्यप्रकाश, आणि मोटरच्या वायरमधून वाहणारा प्रवाह.

सूर्यप्रकाशाचा हिशेब मे महिन्यावरून करू नये. लख्ख उन्हात जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट शक्ती येते, पण आषाढ-श्रावणातल्या दाट ढगाखाली ती विसाव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली जाते, आणि कोठ्याच्या आत तर शंभरावा हिस्साही मिळेलच असे नाही. पॅनल नेहमी उघड्या आभाळाखाली, दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे ३० अंशांत तिरपे लावावे. विदर्भ २० ते २१ अक्षांशांच्या आसपास असल्याने याहून थोडा कमी कोनही चालतो, पण तिरपेपणा जास्त असला की धूळ आणि पक्ष्यांची घाण पावसाने आपोआप उतरते.

साठ्यासाठी लिथियम-आयन सेलऐवजी लिथियम-लोह-फॉस्फेट सेल घ्यावा, हा माझा ठाम आग्रह आहे. चंद्रपूर, अकोला, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा सावलीतच ४५ अंशांच्या वर जातो, बंद पेटीत तो त्याहून बराच चढतो, आणि साध्या लिथियम-आयन सेलसाठी चार्जिंगची मर्यादा बहुधा ४५ अंशांचीच दिलेली असते. लोह-फॉस्फेट सेल उष्णता अधिक सोसतो. शिवाय त्याचा व्होल्टेज ३.२ असतो आणि पूर्ण भरल्यावर ३.६, म्हणजे पुढे येणारा मायक्रोकंट्रोलर व रेडिओ दोन्ही मधल्या रेग्युलेटरशिवाय (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या चिपेशिवाय) त्यावर थेट चालतात. चार्जर मात्र ३.६ व्होल्टला थांबणाराच हवा. बाजारात सर्रास मिळणारा टीपी४०५६ चा छोटा चार्जर ४.२ व्होल्टपर्यंत जातो, तो या सेलला कधीही लावू नये.

मूळ नोड आणि त्याच्या खर्चाचा हिशेब

मायक्रोकंट्रोलर म्हणून ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा आर्डुइनो प्रो मिनी घ्यावा आणि रेडिओ म्हणून एसएक्स१२७६ चिपचा लोरा मॉड्यूल; लोरा म्हणजे कमी विजेत लांब पल्ला गाठणारी रेडिओपद्धत. ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर अधिक शक्तिमान आहे, पण त्याचे तयार बोर्ड झोपेतही यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर जागे ठेवतात, म्हणून तो घरातल्या रिसीव्हरसाठी राखून ठेवावा. प्रो मिनीवर सुद्धा दोन शस्त्रक्रिया कराव्याच लागतात : वीज चालू असल्याचे दाखवणारा बारीक लाल दिवा सोल्डरिंगच्या तप्त टोकाने काढून टाकावा, आणि बोर्डवरचा रेग्युलेटरही काढावा. हा दिवा डोळ्यांना क्षुल्लक दिसतो, पण तो दोन-तीन मिलिअँपिअर सतत खातो. तडा गेलेल्या माठात कितीही पाणी ओतावे, तशी गत होते.

आता हिशेब मांडू. सगळे नीट झोपले असता नोड सुमारे १० मायक्रोअँपिअर घेतो, म्हणजे २४ तासांत ०.२४ मिलिअँपिअर-तास. दर पंधरा मिनिटांनी तो जागा होतो. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला मोजायला पाऊण सेकंद लागतो, त्या सुमारे एका सेकंदात ५ मिलिअँपिअर जातात, आणि त्यानंतर १२ बाइटचा संदेश पाठवायला मध्यम वेगावर, म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर ९ वर (हा लोराचा आकडा वाढवला की पल्ला वाढतो, पण वेग घटतो), ०.१५ सेकंद लागतात, त्या वेळी रेडिओ सुमारे ९० मिलिअँपिअर घेतो. दिवसाचे ९६ संदेश धरले तर हा जागेपणीचा खर्च अर्धा मिलिअँपिअर-तास होतो. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे पाऊण मिलिअँपिअर-तास. ६०० मिलिअँपिअर-तासांचा बोटभर सेल, त्याची स्वतःची थोडी गळती सोडली, तर सूर्य न पाहताही वर्षाहून अधिक काळ पुरेल. आणि तळहाताएवढ्या पॅनलने ढगाळ दिवशी तीन मिलिअँपिअर दिले तरी दिवसाची गरज पाव तासात भागते. याउलट तो लाल दिवा तसाच ठेवला तर दिवसाला ५० ते ७० मिलिअँपिअर-तास त्यालाच जातील, आणि मग झडीच्या दुसऱ्या आठवड्यात नोड बंद पडेल.

झोपेतला प्रवाह मल्टिमीटरने मोजल्याशिवाय नोड वावरात नेऊ नये. मीटर मायक्रोअँपिअरच्या पट्टीवर ठेवून सेलच्या धन बाजूला मालिकेत जोडावा. या पट्टीवर मीटरचा स्वतःचा अडथळा मोठा असल्याने जागे होताना नोड वीज कमी पडून पुन्हा सुरू होतो. त्यासाठी मीटरच्या दोन टोकांना एक तार जोडून ठेवावी, नोड झोपला की ती काढावी आणि मग आकडा वाचावा. २० मायक्रोअँपिअरच्या आत असेल तर ठीक. शंभरच्या वर असेल तर दोष बहुधा तीनांपैकी एका ठिकाणी असतो : रेडिओला झोपण्याची आज्ञा दिलेली नाही, सेन्सरचा वीजपुरवठा मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून न देता कायम जोडलेला आहे, किंवा सेलचा व्होल्टेज मोजण्यासाठी दोन रेझिस्टरांची जोडी लावलेली आहे. ही जोडी अजिबात लावू नये. प्रो मिनीवरचा कंट्रोलर आपल्या आतल्या १.१ व्होल्टच्या संदर्भावरून पुरवठ्याचा व्होल्टेज स्वतःच मोजू शकतो, त्याला बाहेरून काहीच लागत नाही. प्रत्येक संदेशात हा व्होल्टेज घालावा. लोह-फॉस्फेट सेलचा व्होल्टेज बराच काळ ३.२ ते ३.३ वर सपाट राहतो, त्यामुळे सेल अर्धा आहे की पाऊण हे त्यावरून समजत नाही. पण तो ३.० च्या खाली घसरू लागला तर पॅनल झाकले गेले आहे किंवा तार तुटली आहे, असे समजावे.

टाकी आणि ढोली

टाकीसाठी लोक ध्वनिलहरींचा सेन्सर सुचवतात. तो वाईट नाही, पण पृष्ठभागापासून वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आत तो वाचू शकत नाही, म्हणजे टाकी काठोकाठ भरते तेव्हाच, नेमक्या हव्या त्या क्षणी, तो गोंधळतो. रोजच्या वापराला चुंबकीय तरंगत्या स्विचची जोडी पुरते : एक वर, एक तळापासून पाव उंचीवर. स्विचला स्वतःला वीज लागत नाही, आणि पाणी हलले की तो कंट्रोलरला झोपेतून उठवतो. मात्र इथे एक सापळा आहे. स्विच वाचण्यासाठी कंट्रोलरच्या आतला पुल-अप (पिनला पुरवठ्याच्या धन बाजूशी जोडणारा रेझिस्टर) वापरला आणि स्विचची टोके जुळलेलीच राहिली, तर त्या पुल-अपचा रोध २० ते ५० किलोओहम इतकाच असल्याने सुमारे ७० ते १६० मायक्रोअँपिअर अखंड वाहत राहतात, म्हणजे साऱ्या नोडच्या झोपेच्या खर्चाच्या दहापट. आतला पुल-अप बंद करून बाहेरून १ मेगाओहमचा रेझिस्टर लावला की हाच प्रवाह ३ मायक्रोअँपिअरवर येतो. एवढ्या मोठ्या रोधाबरोबर लांब वायर आजूबाजूचा विद्युत गोंगाट पकडते, म्हणून नोड टाकीला लागूनच बसवावा आणि पिनवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा.

ढोलीत किंवा पोत्यांच्या थप्पीत दोन गोष्टी मोजाव्यात, तापमान आणि दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता. तापमानासाठी डीएस१८बी२० पोकळ बांबूच्या किंवा लोखंडी नळीच्या टोकाशी बसवून ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसावा. दुसरा तसाच सेन्सर बाहेर खोलीत ठेवावा. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, दोघांतला फरक बोलतो : आतले तापमान खोलीपेक्षा दिवसागणिक चढत असेल तर आत कीड किंवा बुरशी जागी झाली आहे. बाजारात या सेन्सरच्या नकला पुष्कळ असल्यामुळे, बसवण्याआधी तो पाण्यात भिजवलेल्या कुटलेल्या बर्फात पाच मिनिटे बुडवून पाहावा. अस्सल सेन्सर शून्याच्या आसपास अर्ध्या अंशात वाचतो. आर्द्रतेसाठी एसएचटी३१ सारखा सेन्सर घ्यावा आणि धुळीपासून वाचवण्यासाठी त्यावर पातळ सुती कापडाची टोपी घालावी. दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीला वाव मिळतो, तेव्हा इशारा ६५ वरच ठेवावा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १२ टक्के धरतात. आपला सेन्सर तो टक्का सांगत नाही, त्यासाठी ओलावामापकच लागतो, पण माल बाजारात नेण्याआधी वाळवण्याची वेळ आली आहे की नाही, हे तो नक्की सांगतो. धान्यात अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या धुरीच्या गोळ्या ठेवणार असाल तर नोड आधी बाहेर काढावा. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू माणसाला तर घातक आहेच, पण तांबेही खातो, आणि नोडचे सारे जोड तांब्याचेच असतात.

मोटर : जिथे सेलच लागत नाही

मोटरवरचा नोड मला सर्वांत सुंदर वाटतो, कारण तिथे जे मोजायचे तेच वीज पुरवते. वायरभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर घ्यावा, एससीटी-०१३ मालिकेतला, १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणारा. ज्याच्या बाहेर पडणाऱ्या संकेताचा आकडा व्होल्टमध्ये छापलेला असतो त्याच्या आत रेझिस्टर बसवलेला असतो आणि तो या कामाला चालत नाही. पाच एचपीची थ्री-फेज मोटर साधारण सात-आठ अँपिअर घेते, त्यातून या ट्रान्सफॉर्मरला साडेतीन-चार मिलिअँपिअर मिळतात. हा प्रवाह चार डायोडांच्या ब्रिजमधून दोन ४७०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरांत साठवावा, त्यांच्यावर ५.१ व्होल्टचा झेनर लावावा म्हणजे जादा वीज त्यातून निघून जाईल, आणि पुढे एमसीपी१७०० सारखा अत्यल्प वीज खाणारा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर द्यावा. कपॅसिटर पुरेसा भरेपर्यंत कंट्रोलरला रीसेटमध्ये धरून ठेवणारी व्होल्टेज सुपरवायझर चिप इथे आवश्यक आहे. तिच्याविना तो अर्धवट विजेवर सुरू होण्याच्या धडपडीत साठा संपवत राहतो. रिकामे कपॅसिटर मोटर सुरू झाल्यापासून साधारण पंधरा-वीस सेकंदांत भरतात आणि पहिला संदेश जातो. हा संदेश स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर पाठवावा, कारण त्याला ०.०४ सेकंद पुरतो आणि कपॅसिटरचा व्होल्टेज जेमतेम अर्ध्या व्होल्टने उतरतो. नाण्याच्या आकाराचा सुपरकपॅसिटर इथे वापरू नये. त्याचा आतला रोध अनेक ओहमांचा असतो आणि रेडिओने ९० मिलिअँपिअर मागताच त्याचा व्होल्टेज कोसळतो.

चिमटा तीनपैकी एकाच फेजच्या वायरभोवती बसला पाहिजे. तिन्ही वायरी एकत्र असलेल्या केबलभोवती तो लावला तर तिघींची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना रद्द करतात आणि काहीच मिळत नाही. म्हणून काम स्टार्टरच्या पेटीत करावे लागते, जिथे वायरी सुट्या असतात, आणि तिथे ४१५ व्होल्ट असतात. फ्यूजचे ग्रीप काढून, टेस्टरने तिन्ही फेज तपासून, शक्यतो वायरमनला बोलावूनच हे करावे. ट्रान्सफॉर्मरची दोन टोके मोटर चालू असताना मोकळी ठेवू नयेत, कारण मोकळ्या टोकांवर व्होल्टेज चढत जातो. आधी टोके ब्रिजला जोडावीत, मग चिमटा वायरवर बसवावा.

मोटर थांबली की या नोडची वीजही थांबते, त्यामुळे तो ‘मोटर बंद झाली’ असा संदेश पाठवू शकत नाही. त्याची गरजही नाही. तो दर अर्ध्या मिनिटाला बोलतो. दोन मिनिटे शांतता राहिली की घरातल्या रिसीव्हरने मोटर बंद असल्याचे दाखवावे. संदेशाबरोबर प्रवाहाचाही आकडा हवा असेल तर घड्याळावर न बोलता कपॅसिटर ठरावीक व्होल्टेजला भरला की बोलावे, अशी रचना करता येते : प्रवाह जास्त तर कपॅसिटर लवकर भरतो आणि संदेश जवळजवळ येतात, मोटर कोरडी फिरू लागली की प्रवाह उतरतो आणि संदेशांमधले अंतर वाढते. झेनरच्या खालीच ही पातळी ठेवावी लागते, एवढी काळजी घ्यावी.

मोटर दुरून चालू-बंद करण्याचे काम मात्र या नोडवर सोपवू नये. हरवलेल्या संदेशाने माहिती उशिरा मिळते इतकेच, पण हरवलेल्या आज्ञेने मोटर जळू शकते.

रेडिओ, अँटेना आणि घरातला रिसीव्हर

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा केंद्र सरकारने २००५ साली परवानामुक्त केला, आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढवला. प्रक्षेपकाची शक्ती कमाल १ वॅट आणि लहरीचा पट्टा कमाल २०० किलोहर्ट्झ. आपला नोड सुमारे ५० मिलिवॅटवर बोलतो, तेव्हा शक्तीची चिंता नाही, पण लोराची बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झच ठेवावी, २५० किंवा ५०० करू नये. विकत घेताना ८६८ मेगाहर्ट्झचा मॉड्यूल मागावा आणि प्रोग्रॅममध्ये वारंवारता ८६६ च्या आसपास ठेवावी. ९१५ मेगाहर्ट्झचे मॉड्यूल अमेरिकेच्या नियमांसाठी असतात.

अँटेना म्हणून ८.२ सेंटिमीटरची सरळ तांब्याची तार पुरते. अँटेना न जोडता रेडिओला कधीही बोलायला लावू नये, त्याने प्रक्षेपक निकामी होऊ शकतो. ओली पाने रेडिओलहरी शोषतात. पेरणीच्या वेळी उत्तम चालणारा दुवा पऱ्हाटी आणि तूर छातीच्या वर गेल्यावर तुटतो, म्हणून नोडची अँटेना पुरुषभर उंचीच्या पिकाच्याही वर राहील अशा बेताने धुऱ्यावरच्या बल्लीला बांधावी, आणि घरची अँटेना स्लॅबवर चढवावी. वर्धा-यवतमाळच्या सपाट शिवारात अशा मांडणीने दोन-तीन किलोमीटर सहज गाठता येतात. गडचिरोलीच्या दाट जंगलात किंवा मेळघाटच्या चढउतारांत तेवढी अपेक्षा ठेवू नये. पल्ला कमी पडला तर आधी उंची वाढवावी, स्प्रेडिंग फॅक्टर नंतर, कारण ७ वरून १२ वर गेले की त्याच संदेशाला ०.०४ ऐवजी १.१५ सेकंद लागतो आणि विजेचा खर्च त्याच पटीत वाढतो.

घरात ईएसपी३२ आणि तसाच लोरा मॉड्यूल जोडून रिसीव्हर करावा. त्याला सतत ऐकत राहावे लागते, म्हणून तो घरच्या विजेवर ठेवून इन्व्हर्टरची जोड द्यावी. मोबाइलवर आकडे पाहण्याची घाई न करता आधी त्याला एक छोटा डिस्प्ले आणि बझर लावावा, कारण गावात इंटरनेट जाते तेव्हाही टाकी भरतच असते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही बझर समजतो. मोटरवरचा नोड सोडून प्रत्येक नोडने बदल नसला तरी तासाला एकदा हजेरी द्यावी, आणि तीन हजेऱ्या चुकल्या की डिस्प्लेवर ‘संपर्क नाही’ असे उमटावे. ‘सगळे ठीक’ आणि ‘काही कळले नाही’ या दोन स्थिती डिस्प्लेवर कधीही सारख्या दिसता कामा नयेत.

संदेशात नोडचा क्रमांक आणि प्रत्येक वेळी एकाने वाढणारा अनुक्रमांक असावा, आणि सारे गुप्त किल्लीने कूटबद्ध करावे. दाराचा किंवा फाटकाचा सेन्सर घरात कोणी नसल्याचे जगाला सांगू शकतो, म्हणून असे आकडे कोणाही त्रयस्थाला वाचता येतील अशा फुकटच्या सार्वजनिक सर्व्हरवर टाकू नयेत.

पेटी आणि देखभाल

पॅनल उन्हात आणि पेटी त्याच्याच सावलीत, अशी मांडणी करावी. आयपी६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारी, प्लास्टिकची जंक्शन पेटी घ्यावी, सर्व वायरी खालूनच आत न्याव्यात आणि आत जाण्याआधी त्यांना खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी तिथेच टपकते. तळाला एक बारीक छिद्र ठेवून त्यावर जाळी चिकटवावी; पूर्ण बंद पेटीत दिवसरात्रीच्या तापमानफरकाने दव साचते आणि जाळी नसलेल्या छिद्रातून मुंग्या शिरतात. वानरांचा त्रास असलेल्या शिवारात अँटेना बाहेर काढण्याऐवजी पेटीच्या प्लास्टिकमध्येच उभी ठेवावी. पल्ला थोडा कमी होतो, पण चकाकणारी किंवा लोंबणारी प्रत्येक गोष्ट वानर ओढून पाहतेच.

नोड वावरात लावण्याआधी तो घराच्या अंगणात, पॅनलवर जाड फडके बांधून, सलग पाच-सहा दिवस चालवावा. या काळात एकही संदेश चुकला नाही आणि व्होल्टेज ३.२ च्या खाली आला नाही, तरच तो झडीत टिकेल. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवावा आणि त्यावर नोडचा क्रमांक, वारंवारता, सेल बसवल्याची तारीख व कोणत्या रंगाची वायर कुठे जाते हे लिहावे, कारण पुढच्या वेळी पेटी उघडणारा माणूस दुसराच असू शकतो. त्यानंतर वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, प्रत्येक पेटी उघडावी, गांधीलमाशीचे घर झाले असेल तर ते काढावे, झाकणाचे रबर चिरले असल्यास बदलावे, सिलिका जेलची पुडी नवी ठेवावी, पॅनल ओल्या फडक्याने पुसावे आणि सेलचा व्होल्टेज मोजून त्या कागदावर तारखेसह लिहावा.